नाळेचा काप

ताम्पेरेत नोव्हेंबरात साडेतीनलाच दिवस आटोपतो.
तळघरातल्या प्रयोगशाळेला त्याचं सोयरसुतक नाही;
मला तर अंधारच लागतो
हिरवं दिसायला.

काचपट्टीवर नाळेचा काप.
वरच्या मजल्यावरून येते नाळ, आईच्या सहीसकट,
धुतलेली, गोठवलेली, मग पात्यानं
केसाच्या दहाव्या हिश्शाइतकी सोललेली.
नाळ तुटते म्हणतात. इथे ती तुटल्यावर कामाला लागते.
तिच्यावर कुण्या परक्या पोराच्या रक्तातलं
पिवळसर पाणी, एक थेंब.
त्या पाण्यात वैर असेल
तर नाळेतल्या रक्तवाहिनीच्या काठाकाठानं
शेवाळासारखी हिरवी जाळी उजळते.
भांडण सुरू होतं पावावरून,
मार खातं स्वतःचंच आतडं.

एकतीस वर्षं हे बघतेय.
काही दिवस सोपे: आकडा मर्यादेच्या दहापट,
दुसऱ्यांदा काढलेल्या रक्तातही हिरवं लख्ख,
मग पोराच्या घशात नळी घालायलाही नको.
काही दिवस आकडा उंबरठ्यावर उभा राहतो,
आत ना बाहेर,
आणि मी उगाच चष्मा पुसत बसते.

एक आई फोनवर रडली होती:
दोन महिने पाव बंद केला, हगवण थांबली,
आणि तुम्ही म्हणता काहीच नाही?
काय सांगणार. पाव गेला की वैरही हळूहळू झोपी जातं,
आणि झोपलेल्यांची मोजणी मला येत नाही.
तिला पुन्हा पाव चारावा लागला, रोज,
ज्यानं पोट दुखतं तोच,
स्वतःच्या हातानं लोणी लावून.

आज टाइस्तो केम्पाइनेन. चार वर्षं, दोन महिने.
नर्सनं चिठ्ठीत लिहिलंय: वजन वर्षभर तेरा किलोंवर,
पोट नगारा, हात काड्या,
बालवाडीत कोटसुद्धा न काढता बाकावर बसून राहतो.
यंत्र म्हणालं, निगेटिव्ह,
आणि पुढचं नाव घेतलं.

पण आकडा फारच खाली होता.
धडधाकट पोराच्या रक्तातही
थोडी कुजबुज असते.
इथे कुजबुजही नव्हती.

असा एक कागद मी आधी पाहिलाय.
नोकरीचं दुसरं वर्ष, मुलीचं नाव सिनिक्का.
आकडा शून्याला टेकलेला. मी खाली सही केली
आणि जेवायला गेले.
अकरा वर्षांनी तिचं रक्त पुन्हा आलं.
सोबत उंची लिहिली होती.
त्यापुढचं मी वाचलं नाही.

म्हणून आज कुणी न सांगता
टाइस्तोचं एकूण आयजीए मोजलं.
नव्हतंच.
काहीशे पोरांत एखादं असं जन्मतं,
ज्याला ही भाषाच दिलेली नसते,
आणि आम्ही तिच्यातच विचारतो, दुखतं का रे?
गप्प राहिला की लिहून टाकतो, दुखत नाही.

दुसरी पट्टी. तोच टाइस्तो, या वेळी आयजीजी.
दिवा मालवला.
आधी नुसतं काळं. मग डोळे सरावतात,
मग काठावर काहीतरी,
धूसर, पण आहे,
आहेच.

डॉक्टर लेह्तोवारांचा फोन आला, घाईतला:
टाइस्तोचं निगेटिव्हच ना?
नाही, मी म्हटलं. आपण प्रश्नच चुकीचा विचारला होता.
पलीकडे खण उघडल्याचा आवाज. पेन शोधत असावेत.
आता याला नळी लागेल, मी म्हटलं, लवकरची तारीख द्या.
आणि तोवर त्याच्या आईला सांगा,
पाव बंद करू नको.